तारांकित प्रश्न

विधिमंडळात तारांकित प्रश्न म्हणतात तो असा, की ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी द्यावं लागतं. उत्तर गुळमुळीत वाटलं तर त्यावर उपप्रश्न विचारता येतात. तारा नसलेल्या प्रश्नाचं उत्तर लेखी येतं आणि विषय तिथेच संपतो. म्हणजे तिथला तारा सत्तेत बसलेल्याला बोलतं करण्यासाठी आहे. आपल्या फोनवरच्या फॉर्ममध्ये रकान्याच्या नावापुढे जो छोटा लाल तारा असतो, तो बरोब्बर उलट्या दिशेने काम करतो. तिथे उत्तर आपण द्यायचं असतं आणि उपप्रश्नाची सोय नसते. ‘हे तुम्हाला कशाला हवंय?’ असं टाइप करायला कुठे जागाच नाही.

हे तारे लावणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. त्यामुळे एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. रकाना रिकामा ठेवणाऱ्याला पुढे जाऊ न देण्याचा अधिकार मला कुठून मिळाला? आणि त्या सक्तीपायी कुणी काहीतरी खोटं लिहून पुढे गेलं, तर ते खोटं कुणाच्या खात्यावर मांडायचं?

तांत्रिकदृष्ट्या हे काम अगदी किरकोळ आहे. सबमिटचं बटण दाबलं की जेक्वेरीने ती घटना पकडायची आणि फॉर्म जाण्याआधी अडवायचा. ज्या रकान्यांवर ‘रिक्वायर्ड’ अशी खूण आहे ते एकेक उचलायचे, आतल्या मजकुराची लांबी मोजायची. शून्य आली तर रकान्याची कड लाल करायची, खाली ‘धिस फील्ड इज रिक्वायर्ड’ अशी ओळ दाखवायची आणि कर्सर तिथे नेऊन ठेवायचा. दहा-बारा ओळींत होतं. आता एचटीएमएलमध्येच ‘रिक्वायर्ड’ एवढा एक शब्द लिहिला की ब्राउझर स्वतःच अडवतो, पण २००६ साली आलेली जेक्वेरी जुन्या साइट्समध्ये अजून ठाण मांडून आहे आणि आमच्यासारख्यांना तिच्याशी रोज जमवून घ्यावं लागतं.

यात तपासली जाते ती लांबी. खरेपणा नाही. कोड फक्त एवढंच विचारतो, की इथे काहीतरी आहे ना?

मुळात हा प्रकार सौजन्याचा होता. १९९५ मध्ये ब्रेंडन आइकने नेटस्केपमध्ये दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला, आणि त्या भाषेच्या सुरुवातीच्या रोजच्या उपयोगांपैकी एक हाच होता. तेव्हा मोडेमवरून फॉर्म पाठवायचा, मग वाट बघायची आणि मग कळायचं की पिनकोड राहिला. त्यापेक्षा पाठवण्याआधीच सांगितलेलं बरं. ‘अहो, हे राहिलंय’, असं हळूच सांगणारा काउंटरवरचा माणूस डोळ्यासमोर आणा. सौजन्याची सक्ती कधी झाली ते मला नेमकं सांगता येणार नाही, पण आज तो माणूस काउंटरवरून उठून दारात येऊन उभा राहिलाय.

शिवाय त्याची ताकद सगळ्यांवर सारखी चालत नाही. ब्राउझरमधली तपासणी ही सुरक्षा नव्हे, हे या धंद्यातलं पहिलं बाळकडू. डेव्हलपर टूल्स उघडायचे, ‘रिक्वायर्ड’ शब्द पुसायचा, की तारा गेला. सर्व्हरवर तीच तपासणी पुन्हा केलेली नसेल (आणि अनेकदा नसते) तर रिकामा रकाना बिनबोभाट आत जातो. मला हे अर्ध्या मिनिटात जमतं. एसटीत बसून मुलाचा फॉर्म मोबाइलवर भरणाऱ्या बाईला नाही जमत. नियम नेमका तिलाच बांधतो.

मग लोक काय करतात? स्पेस देतात. ब्राउझरच्या स्वतःच्या तपासणीला नुसती एक स्पेससुद्धा पुरते, कारण तिचीही लांबी एक असते. हे लक्षात आल्यावर आमच्याकडे तिकीट येतं आणि आम्ही मजकुराच्या दोन्ही टोकांच्या स्पेस छाटून मग लांबी मोजतो. मग लोक टिंब देतात. टिंब हे मला माहीत असलेलं सगळ्यात लहान खोटं आहे. त्यावर पुन्हा तिकीट. किमान तीन अक्षरं हवीत. मग ‘एक्सवायझेड’ येतं. फक्त ए ते झेड चालतील असा नियम लावला, की मराठीत नाव लिहिणारा बाहेर. कुणी जरा उदार होऊन ‘जगातल्या कुठल्याही लिपीतलं अक्षर चालेल’ असा नियम लिहितो, पण युनिकोडच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं नव्हेत, खुणा आहेत. त्या वेगळ्या सांगाव्या लागतात. नाही सांगितल्या तर कमल पास होते आणि मीरा नापास.

या सगळ्या खटाटोपात माहिती सुधारत नाही, बिघडत जाते. स्पेस किंवा टिंब बघून निदान कळत होतं की इथे माणूस गप्प बसलाय. ‘एक्सवायझेड’लाही बंदी घातली की तो ‘रमेश’ लिहितो. आता ते गप्प बसणं ओळखूही येत नाही.

असं खोटं कॉम्प्युटरने आणलेलं नाही. आपल्याकडे १ जूनला जन्मलेल्यांची संख्या बघा. जुन्या पिढीत प्रत्येक घरात एखादा तरी सापडतो, माझे आजोबाही त्यातलेच. शाळेच्या रजिस्टरमध्ये जन्मतारखेचा रकाना कोरा ठेवता येत नसे. आई सांगायची, ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला, त्या साली विहीर खणली होती.’ हे उत्तर खरं होतं, फक्त साच्यात बसणारं नव्हतं. गुरुजी वय हिशेबात बसवून शाळा सुरू होते त्या महिन्याची पहिली तारीख टाकून द्यायचे. पुढे त्या तारखेलाच दाखला मिळाला, नोकरी मिळाली. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, या नियमाने ही सगळी मंडळी ३१ मेला हारतुरे घेऊन घरी आली. एका रकान्याच्या सोयीसाठी लिहिलेली तारीख माणसाचं आयुष्य मोजत राहिली.

त्या गुरुजींना मी खोटारडे म्हणणार नाही, कुणीच म्हणत नाही. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. ते खोटं गुरुजींच्या अक्षरात होतं. आईने खरं सांगितलं, सहीच्या जागी अंगठा उठवला आणि मधली तडजोड गुरुजींनी आपल्या अंगावर घेतली. आजचा फॉर्म तडजोड स्वतः करत नाही. ती तुमच्याकडून टाइप करून घेतो.

एका संस्थेच्या प्रवेशाच्या फॉर्मवर आमची टीम काम करत होती. तिथल्या मदत कक्षाकडे आलेला एक मेल तिकिटाला जोडलेला होता म्हणून माझ्या वाचनात आला. एका मुलीने लिहिलं होतं, की तिला आईने एकटीने वाढवलंय, सगळ्या कागदपत्रांवर आईचंच नाव आहे, आणि फॉर्म वडिलांच्या नावाशिवाय पुढे जात नाहीये. तर काय टाकू? खाली मदत कक्षाचं उत्तर होतं, अगदी नम्र. ‘कृपया कोणतेही नाव टाकून पुढे जावे.’

कोणतेही नाव. त्याच फॉर्मच्या तळाशी एक छोटी चौकट आहे. ‘वरील सर्व माहिती खरी असून ती खोटी आढळल्यास माझा प्रवेश रद्द होईल याची मला जाणीव आहे.’ त्या चौकटीलाही लाल तारा आहे. ती टिक केल्याशिवायही फॉर्म जात नाही. आधी खोटं बोलायला लावायचं, मग ते खरं असल्याची शपथ घ्यायला लावायची, आणि दोन्हीसाठी कोड तोच, दहा-बारा ओळींचा.

खोटं बोलावं की नाही यावर तत्त्वज्ञांनी पुष्कळ लिहिलंय. त्यातलं सगळ्यात गाजलेलं भांडण इमॅन्युएल कान्टच्या १७९७ मधल्या छोट्या निबंधातलं. खुनी दारात येऊन विचारतोय, तुझा मित्र घरात आहे का? कान्ट म्हणतो, तरीही खोटं बोलू नये. लोक इथे कान्टवर वैतागतात, मीही वैतागतो. पण कान्टने चर्चा मर्यादित केली आहे ती ज्यात उत्तर टाळताच येत नाही अशा प्रसंगापुरती. एरवी गप्प बसायला त्याचीही ना नाही. म्हणजे खरं बोलण्याचं कर्तव्य माणसाला पेलवतं ते गप्प बसण्याची वाट उघडी असते म्हणून.

महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो, ती याच मुद्द्यावर कान्टच्या पुढे जाते. कौशिकाचं व्रत होतं, नेहमी खरं बोलायचं. दरोडेखोरांपासून पळालेले लोक जवळच्या रानात लपले. दरोडेखोरांनी कौशिकाला विचारलं, त्याने रान दाखवलं, लोक मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. आपण ही गोष्ट ‘कधीकधी खोटं चालतं’ एवढ्यावर सोडून देतो. कृष्णाचं म्हणणं जास्त काटेकोर आहे. न बोलून सुटता येत असेल तर बोलूच नये. बोलणं भागच असेल, किंवा न बोलण्यानेच संशय येणार असेल, तर मात्र तिथे खोटं बोललेलं बरं.

हा क्रम मला फार आवडतो. आधी मौन, ते उरलंच नाही तर खोटं. रिक्वायर्ड फील्ड या क्रमातली पहिली पायरीच काढून टाकतं. आणि मग माणूस दुसरीवर उतरला की आम्ही मीटिंगमध्ये ‘युजर चुकीचा डेटा भरतात’ म्हणून उसासे टाकतो. माझं मत सरळ आहे. जिथे गप्प बसायची जागा तारा लावून बुजवली, तिथे लिहिलं गेलेलं खोटं तारा लावणाऱ्याचं.

वडिलांच्या नावाच्या बाबतीत तर कायदाही कधीच पुढे गेलाय. जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अविवाहित आईला पालकत्वासाठी मुलाच्या वडिलांचं नाव उघड करायची गरज नाही. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टच्या नियमांत आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरेसं ठरलं. ५ डिसेंबर २०१८ पासून, आईने एकटीने वाढवलं असेल तर पॅन कार्डाच्या अर्जात वडिलांचं नाव सक्तीचं राहिलं नाही. नियम सुटले, तारे राहिले. कारण साधं आहे. नवा फॉर्म कुणी कोऱ्या पानावर लिहीत नाही, आधीच्या प्रोजेक्टमधला उचलतो. त्याबरोबर तारेही येतात. ते कुणी ठरवलेले नसतात. वारसाहक्काने आलेले असतात, आडनावासारखे.

छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम गुरूकडे जातो तेव्हा त्यालाही हाच रकाना आडवा येतो, तुझं गोत्र कोणतं? आईने सांगितलेलं तो जसंच्या तसं सांगतो. तरुणपणी ती अनेक ठिकाणी राबत होती, तेव्हा हा झाला, गोत्र तिला माहीत नाही. तिचं नाव जबाला म्हणून हा सत्यकाम जाबाल. गौतम त्याला परत पाठवत नाही. समिधा आण म्हणतो. विचारणारा माणूस होता, म्हणून साच्यात न बसणारं उत्तर त्याला उत्तर म्हणून ऐकू आलं. (आता असं खरं बोलणारा ब्राह्मणच असणार, असं म्हणून गौतमाने त्यालाही शेवटी एका रकान्यात बसवलंच. ते मला पूर्वीपासून खटकत आलंय.)

एवढं बोलून ‘सगळे तारे काढा’ असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला ते पटत नाही. दवाखान्याच्या फॉर्मवर औषधांच्या ॲलर्जीचा रकाना ऐच्छिक ठेवला आणि तो कोरा राहिला, तर त्याचा अर्थ काय लावायचा? ॲलर्जी नाही, की विचारायचंच राहिलं? इथे मी तारा लावीन आणि शेजारी ‘कोणतीही नाही’ आणि ‘माहीत नाही’ असे दोन पर्याय देईन. दुसरं उदाहरण जास्त अवघड आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने आईचं नाव बंधनकारक केलं. मूल, आई, वडील, आडनाव असा क्रम. ही सक्तीच आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. कारण ‘ज्याला हवं त्याने लिहावं’ या मोकळीकीत पिढ्यानपिढ्या आईचंच नाव गळत आलं. ऐच्छिक रकान्यात कोण गळतं हे आधीच ठरलेलं असतं. तेव्हा सक्ती कधी माणसाला गप्प बसू देत नाही, तर कधी गप्प केलेल्या माणसाला बोलायला जागा देते, आणि दोन्हींचा तारा दिसायला सारखाच लाल.

मला वाटतं, प्रश्न वाचण्याची सक्ती असावी, ठरावीक साच्यातल्या उत्तराची नसावी. आपल्या कचेऱ्यांच्या मराठीत यासाठी किती नेमके शब्द आहेत! निरंक म्हणजे पाहिलं, मोजलं, शून्य निघालं. लागू नाही म्हणजे हा प्रश्न मला विचारण्यासारखाच नाही. माहिती उपलब्ध नाही म्हणजे उत्तर असेल, माझ्याकडे नाही. रिलेशनल डेटाबेसचा पाया घालणाऱ्या एडगर कॉडलाही हा फरक सतावत होता. १९९० च्या आपल्या पुस्तकात त्याने ‘लागू आहे पण माहीत नाही’ आणि ‘लागूच नाही’ अशा दोन वेगळ्या खुणा ठेवायचा आग्रह धरला. आमच्या धंद्याने एकच ‘नल’ ठेवला आणि सगळी रिकामी माणसं त्यात कोंबली. तालुक्याच्या कचेरीतला कारकून या बाबतीत आमच्यापेक्षा बारकाईने विचार करत होता म्हणायचं.

चौथा शब्द मात्र कचेरीकडेही नाही. सांगायचं नाही. तो न्यायालयाने दिलाय. धर्माच्या रकान्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केलं, की कुठल्याही फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती शासन करू शकत नाही आणि ‘माझा कोणताच धर्म नाही’ असं म्हणायचा प्रत्येकाला हक्क आहे. २०११ च्या जनगणनेत तर धर्म न सांगितलेल्यांचा स्वतंत्र आकडाच आहे, सुमारे २८.७ लाख. कोरा रकाना हीसुद्धा माहिती म्हणून मोजता येते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

पण इथे कृष्णाचं वाक्य पुन्हा आडवं येतं. न बोलण्यानेच संशय येत असेल तर? वर्गातल्या साठ मुलांपैकी एकोणसाठ जणांनी वडिलांचं नाव लिहिलं आणि एकीने ‘सांगायचं नाही’वर टिक केलं, तर तिने सगळं सांगितल्यासारखंच झालं. पर्याय दिला की आमचे हात धुतले गेले असं होत नाही. बहुतेक सगळे बोलत असतील तर एकटीचं मौन उघडं पडतं. म्हणून मी अलीकडे एक सवय लावून घेतली आहे. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नसलं तरी ऐच्छिक रकाने मी कोरे सोडतो. जात, धर्म, लग्न झालंय का, वडिलांचा व्यवसाय. मित्र हसतात, म्हणतात तुला काय फरक पडतो? मला नाहीच पडत. पण लपणाऱ्याला लपायचं तर गर्दी लागते, आणि ती गर्दी ज्यांना लपायची गरज नाही अशांनीच करायची असते.

त्या तिकिटाचं पुढे काय झालं ते सांगतो. तारा काढू या म्हटल्यावर संस्थेकडून उत्तर आलं, की रिपोर्टला वडिलांचं नाव लागतं. कुठला रिपोर्ट हे शोधत आम्ही मागे-मागे गेलो. रोज रात्री एक स्क्रिप्ट चालते. ती सगळे अर्ज रिपोर्टच्या कोष्टकात टाकते आणि टाकताना वडिलांच्या नावाचा रकाना ‘साफ’ करते. टिंब, ‘एनए’, ‘एक्सवायझेड’, नुसते डॅश, असल्या शब्दांची एक यादी आहे, त्यातलं काही सापडलं की स्क्रिप्ट ते पुसून रकाना कोरा ठेवते. आणि त्या कोऱ्या जागेवर रिपोर्ट वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललाय. ज्या कोऱ्या रकान्याला दारात अडवलं जात होतं त्याला मागच्या दाराने रोज रात्री आत घेतलं जात होतं.

ती यादी मी वाचली. वेगवेगळ्या लोकांनी वेळोवेळी वाढवलेली, चाळीसेक शब्दांची. बहुतेक निरर्थक अक्षरं. मधेच एका ओळीवर, रोमन लिपीत, जोडून लिहिलेलं, ‘माहीतनाही’. दोन ओळी खाली, तसंच, ‘सांगायचंनाही’. फॉर्ममध्ये नसलेले दोन्ही पर्याय कुणीतरी स्वतःच तयार करून, किमान तीन अक्षरांच्या आणि ए ते झेडच्या सगळ्या नियमांत बसवून, खरं उत्तर म्हणून पाठवले होते. स्क्रिप्ट तेही कचरा म्हणून पुसते.